उपचार सुरू होण्याआधीचे दिवस: धास्तीचं काय करायचं?

माझा रिपोर्ट हातात पडला तो पणजीत, दुपारी साडेबाराला. लॅबच्या खिडकीतल्या मुलानं बंद पाकीट सरकवलं, सही घेतली आणि पुढच्याला हाक मारली. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. शहाणी असते तर पाकीट तसंच पिशवीत ठेवलं असतं. मी कदंबच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा धरली आणि बाणस्तारीचा पूल यायच्या आत ते फोडलं. इंग्रजीतली दोन पानं. त्यातलं मला कळलं ते एवढंच: कॅन्सर, ग्रेड ३. तीन म्हणजे तिसरी स्टेज, तिसरी म्हणजे शेवटच्या अलीकडची, असा हिशेब मी तिथल्या तिथे केला. साखळीच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझ्या बाराव्याला कोणाकोणाला बोलवायचं हेसुद्धा ठरवून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, ग्रेड वेगळी आणि स्टेज वेगळी." पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात, ती ग्रेड. रोग शरीरात किती मोठा झालाय आणि कुठवर गेलाय, ती स्टेज. माझी स्टेज दुसरी निघाली. म्हणजे एक आख्खी रात्र मी चुकीच्या आकड्याला घाबरले होते.

याला आता आठ वर्षं झाली. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका, डॉक्टर नाही. पण आमच्या सत्तरी-डिचोलीकडे कोणाला हा आजार निघाला की नातेवाईक त्याला घेऊन आमच्या सोप्यावर येतात. "तुम्ही यातून गेलात, जरा समजवा." मी जे समजावते ते इथे लिहिते. औषधाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी लिहितेय ते रिपोर्ट आणि पहिली सलाईन यांच्या मधल्या दिवसांबद्दल. माझ्या मते तो काळ सगळ्यात वाईट. उपचार सुरू झाले की तारीख असते, नर्स असते, गोळ्या असतात, हाताला काम असतं. त्याआधी नुसती वाट बघायची असते, आणि रिकाम्या घरात भीती पाय पसरून बसते.

१. रिपोर्ट एकट्यानं फोडू नका

डॉक्टरांसमोर बसूनच वाचा, आणि सोबत असा माणूस न्या जो रडणार नाही, ऐकेल. माझा नवरा माझ्याइतकाच सुन्न झाला होता, त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून अर्धंसुद्धा ऐकलं नाही. पुढच्या वेळी भाचीला नेलं. तिनं डॉक्टरांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन तेच बोलणं तीनदा ऐकलं तेव्हा कळलं की डॉक्टर पहिल्या दिवशीही हेच सांगत होते. इंग्रजी कळत नसेल तर सरळ म्हणा, "मराठीतून सांगा" किंवा "कोंकणीतून सांगा". त्यात कमीपणा कसला?

रिपोर्टातला 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला की लोकांचा जीव जातो. स्तनाच्या कॅन्सरात ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आलं तर त्याचा अर्थ एवढाच, की गाठ हार्मोनवर पोसते आणि म्हणून हार्मोनच्या गोळ्या तुमच्यावर चालण्याची शक्यता आहे. म्हणजे हातात एक हत्यार जास्त.

आणि गूगल. तिथले 'पाच वर्षं जगण्याचे' टक्के हजारो माणसांच्या सरासरीचे असतात, आणि त्या माणसांवर उपचार झालेले असतात कित्येक वर्षांपूर्वी. त्यात तुमचं वय, तुमची तब्येत, तुमच्या गाठीचा प्रकार कुठे असतो? माझ्या धाकट्या दिरानं एका रात्री एवढं वाचून काढलं की सकाळी मलाच त्याची समजूत काढायला लागली.

२. दोनशे पानी वही आणा

मोबाइलमध्ये नको, कागदाचीच हवी. मधे उभी रेघ ओढा. डावीकडे भीती, जशी मनात येते तशी, आपल्या शब्दांत. उजवीकडे तिचं उत्तर कोणाकडे आहे त्या माणसाचं नाव.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं होतं. 'केस जातील का' – डॉक्टर. 'सुई लावताना, औषध जाताना दुखतं का' – नर्स. 'तिसरीचा वर्ग कोण घेणार' – मुख्याध्यापक. 'गाय कोण पिळणार' – जाऊबाई. 'केवढ्याला पडेल' – इस्पितळातल्या सोशल वर्कर. 'सासूबाईंना कसं सांगायचं' – नणंद. आणि सातवी ओळ: 'मी मरेन का?' त्याच्यापुढे लिहायला नाव सुचेना. बराच वेळ पेन तसंच धरून बसले. मग लिहिलं: संध्याकाळी सहा ते सव्वासहा.

हे मी विनोदानं लिहिलं होतं, पण नंतर कळलं की मानसोपचारवाले हेच करायला सांगतात. चिंतेला रोजची ठरलेली पंधरावीस मिनिटं द्यायची. दिवसभरात ती आली की तिला म्हणायचं, सहाला ये. सहाला मी तुळशीपाशी दिवा लावून तिथेच पायरीवर बसत असे, आणि मनसोक्त घाबरत असे, कधी रडत असे. सव्वासहाला उठून तांदूळ निवडायला घेई. पहिले तीन-चार दिवस चिंता वेळ पाळत नव्हती. मग पाळायला लागली. पूर्णपणे नाही, पण लागली. एकच पथ्य: ही वेळ झोपायच्या तोंडावर ठेवू नका.

उजवीकडे ज्यांच्यापुढे 'डॉक्टर' लिहिलंय ते प्रश्न भेटीला जाताना वेगळ्या कागदावर उतरवा, महत्त्वाचे वर. माझ्या मते हे सुटता कामा नयेत: उपचार रोग पूर्ण घालवण्यासाठी आहेत की ताब्यात ठेवण्यासाठी? आधी काय, ऑपरेशन की केमो? किती वेळा, किती दिवसांच्या अंतरानं? माझ्या प्रेशरच्या, साखरेच्या गोळ्या चालू ठेवायच्या का? रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा? पुढे मूल हवं असेल तर तो विषय केमो सुरू व्हायच्या आधीच काढायला हवा. लाजून नंतर काढला तर उशीर होऊ शकतो. तोंडाला किंवा मानेला रेडिएशन मिळणार असेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवणार का, हेही विचारा.

केसांचं लगेच सांगते, कारण बायका हे विचारायला बिचकतात आणि पुरुष विचारतच नाहीत. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. ज्यांनी जातात त्यांनी साधारण पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात, आणि बहुतेकांचे उपचार संपल्यावर परत येतात. माझे आले ते कुरळे. शाळेतल्या पोरांना फार मजा वाटली.

३. "रोज वाढत असेल का हो?"

सगळे हे विचारतात, आवाज खाली आणून. बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, मग स्कॅन, मग वेगवेगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवणार, मग तारीख. दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि रोज आंघोळीला गेलं की हात गाठीवर जातो.

बहुतेक घट्ट गाठींच्या कॅन्सरात ती गाठ सापडण्याआधी महिने, कधी वर्षं शरीरात असते. नीट तपासून योग्य उपचार ठरवायला लागणारे दोन-तीन आठवडे सहसा वाया जात नाहीत. घाईनं चुकीचं ऑपरेशन झालं तर ते नंतर निस्तरणं जड जातं. काही आजार मात्र थांबू देत नाहीत, रक्ताचा तीव्र कॅन्सर त्यातला. तिथे डॉक्टर स्वतःच तुम्हाला त्याच दिवशी भरती करून घेतात. तेव्हा 'थांबा' म्हणाले असतील तर विचारा, "किती दिवस थांबलं तर चालेल?" आणि ती तारीख वहीत लिहा. ती उलटली तर फोन करायचा, संकोच न करता. फाइल टेबलावर राहून जाणं हे कुठेही होतं. माझ्या एका रिपोर्टाची वाट आम्ही नऊ दिवस बघितली, आणि तो पाचव्या दिवशीच तयार होता. सांगायला हवं होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

दुसरं मत घ्यायचं असेल तर याच दिवसांत घ्या. त्यानं डॉक्टरांना राग येतो हा आपला समज. कागदी रिपोर्टाबरोबर बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या, कारण मोठ्या इस्पितळात ते पुन्हा तपासतात.

४. मशिनं, खोल्या आणि श्वास

एमआरआयचं मशिन बोगद्यासारखं असतं आणि आत हातोडे मारल्यासारखा आवाज होतो. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. कानाला लावायला देतात, हातात दाबायचा फुगा देतात, तो दाबला की थांबवतात. गरज असली तर सौम्य औषधही देतात. पेट स्कॅनला उपाशी जायचं असतं. सुई दिल्यावर साधारण तासभर शांत पडून राहावं लागतं आणि खोली थंडगार असते, म्हणून शाल न्या. सुईतलं औषध किरणोत्सारी असतं, म्हणून त्या दिवशी काही तास लहान मुलांना आणि गरोदर बायकांना फार जवळ घेऊ नका, एवढं पाळा. बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचं मात्र तसं नाही. ते अंगात उरत नाही, घरी आल्यावर नातवाला खुशाल मांडीवर घ्या. लोक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात.

आता श्वास. मला पहिल्यांदा कोणी 'दीर्घ श्वास घ्या' म्हणालं तेव्हा राग आला होता. पण हे शरीराचं साधं काम आहे. सोडतानाचा श्वास लांबवला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. नाकानं मनात चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, ओठ किंचित मिटून, गरम पेजेवर फुंकर घालावी तसं. पाच मिनिटं पुरतात. चक्कर आल्यासारखं वाटलं तर जोर लावताय, हळू करा. ही सवय घरी शांत असताना करायची. पोहायला शिकायचं ते पुरात नव्हे. मी पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, भोंग्याशी सांगड घातली. पहाटे तो सायकलवरून पों पों करत आला की उंडे (गोल पाव) घ्यायच्या आधी पाच मिनिटं श्वास. मशिनात गेले तेव्हा छाती आपोआप त्याच लयीत गेली.

डोकं फारच गरगरायला लागलं तर आणखी एक. आजूबाजूच्या पाच वस्तू बघून मनात नाव घ्या, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास ओळखा, एक चव. माझ्या वर्गातल्या पोरांचा खेळ वाटतो, पण मन पुढच्या महिन्यातून उचलून खुर्चीत आणून बसवतो.

५. घरात कोणाला किती सांगायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात फार घरं चुकतात.

पेडण्याकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील गाडीतच बसले होते. मुलगा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाई, बाबांना काही माहीत नाही. गाठ आहे, ती सुकवायची सलाईन आहे, असं सांगितलंय. तुम्ही पण तसंच बोला." मी त्याला चहा ठेवायला आत पाठवलं आणि गाडीपाशी गेले. म्हातारा समोर बघत म्हणाला, "बाय, हांव पिसो न्हय. भायर बोर्ड हांवें वाचलो." (मी वेडा नाही. बाहेरचा बोर्ड मी वाचलाय.) त्याला सगळं ठाऊक होतं. मुलाला त्रास नको म्हणून तो ठाऊक नसल्याचं नाटक करत होता, आणि मुलगा त्याला त्रास नको म्हणून. दोघंही एकेकटे घाबरत होते, एकाच छपराखाली.

सगळं सगळ्यांना सांगा असं माझं म्हणणं नाही. काही माणसांना खरंच तपशील नको असतो, तोही त्यांचा हक्क. पण त्यांना विचारा: "डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मी ऐकून ठेवू?" हा एक प्रश्न पुरतो.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाच्या शब्दांत. आजाराचं नाव, औषधानं आई काही दिवस थकेल, केस जातील, हा आजार शिवून होत नाही, आणि तुझ्यामुळे झालेला नाही. शेवटचं वाक्य सोडू नका. लहान मुलं मनात धरून बसतात की आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली.

नवरे रडत नाहीत. माझा रोज संध्याकाळी स्कूटर पुसायचा. पुसलेली पुन्हा पुसायचा. आधी मला राग यायचा, मग लक्षात आलं की त्याची सहा ते सव्वासहा हीच. अशा माणसाला 'मन मोकळं कर' म्हणू नका, काम द्या. फाइलींना पंच मारणं, गोळ्यांचा तक्ता, गाडीची व्यवस्था.

शेजारीपाजारी येणारच, आणि येताना आपापल्या मावशीची, मेव्हण्याची कहाणी घेऊन येणार, बहुतेक वाईट शेवटाची. घरातल्या एकाला दारावर नेमा. व्हॉट्सॲपवर आठवड्यातून एकदा एकच निरोप, सगळ्यांना तोच. सोप्यावर कोणी "आमच्या शिरोड्याच्या वयनीला पण हेच..." असं सुरू केलं की माझी जाऊ लगेच विचारायची, "चहात साखर किती?" तिनं तेव्हा किती चहा पाजला असेल देव जाणे.

६. कागद, पैसे, मुंबई

अर्धी घालमेल आजाराची नसते, पैशाची असते, आणि ती पुष्कळशी कागदांनी कमी होते. गोवा सरकारच्या, २०१६ साली आलेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात आहे का आणि त्याचं नूतनीकरण झालंय का, हे आजच कपाट उघडून बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंतचं संरक्षण असं तिचं मूळ स्वरूप. तुमचा उपचार त्यात बसतो का ते इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात न होणाऱ्या उपचारांसाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे, तिची चौकशी तिथल्याच सोशल वर्करकडे करा. आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला, सगळ्या रिपोर्टांच्या तीन-तीन झेरॉक्स. मूळ कागद एका फाइलीत, आणि ती कोणालाही द्यायची नाही.

परळच्या टाटा मेमोरियलला जाणार असाल तर मडगावहून संध्याकाळी सुटणारी कोकणकन्या पहाटे दादरला सोडते. उत्तरेकडच्यांनी थिवीला चढावं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते, पण इस्पितळाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तशा आणखी जागा आहेत, त्यासाठीही टाटातल्या सोशल वर्करनाच भेटा. पहिल्यांदा जाताना वाटतं, एवढ्या गर्दीत आपल्याला कोण विचारणार. माझी जाऊ माझ्याबरोबर आली होती, ती म्हणाली, "एवढी माणसं इथे बरी व्हायला येतात, बघ तरी." मला ती गर्दी त्यानंतर तेवढी टोचली नाही.

७. कौल, चवथ आणि काढे

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय घराचा पाया खणत नाहीत, तर ऑपरेशनचं कसं ठरेल? मीही देवळात प्रसाद लावला होता, म्हणजे मूर्तीला फुलाची कळी चिकटवून कौल मागितला होता. कळी बराच वेळ पडेना, भटजी गाऱ्हाणं घालताहेत, माझे पाय कापताहेत. शेवटी उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार, आणि मला रडू फुटलं. त्या रात्री मी झोपले. याला हसणाऱ्यांनी हसावं. मात्र कौल घ्यायचा तो बळ मिळावं म्हणून. डावी पडली म्हणून तारीख पुढे ढकलणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना मी सांगते, डॉक्टरांची तारीख तीच ठेवा आणि देवाकडे गाऱ्हाणं पुन्हा घाला.

तसंच चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं. "माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची चौकट) बांधून होऊ दे, मग सुरू करूया." पाच-सात दिवसांचा प्रश्न असेल तर डॉक्टरांना विचारून बघा, कधी जमतं. पण चवथीनंतर दसरा येतो, दसऱ्यानंतर दिवाळी, आणि आपल्या गोव्यात जत्रांना तर खंडच नाही.

कोणीतरी काढा आणून देईल, कोणी मुळी, कोणी हळदीच्या कॅप्सूल. आणणाऱ्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही. घ्यायच्या आधी बाटली डॉक्टरांना दाखवा, कारण काही वनस्पती केमोच्या औषधांशी जुळत नाहीत, काहींनी रक्त पातळ होतं. आणि 'साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो' असं सांगून घरचे तुमचंच जेवण तोडणार असतील तर हाणून पाडा. या दिवसांत वजन टिकवायचं असतं. जेवण जात नसेल तर उकड्या तांदळाची पेज, सोबत तोराचं (कोवळ्या कैरीचं) लोणचं, वर मुगाची उसळ. नीट शिजवलेली मासळी, अंडं चालत असेल तर जरूर खा. मधुमेह असला तर आहाराचं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

८. रात्र

दिवसा कशीबशी झाकलेली भीती दोन-अडीचला उठते. पावसाळा असेल तर कौलांवर पाणी, बेडकांचं ओरडणं, आणि आपण आढ्याकडे बघत.

वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पडून राहू नका. उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. मी तिसरीच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासायचे, झोप यायला याहून जालीम उपाय नाही. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा-कॉफी नको. संध्याकाळी अर्धा तास चाला, थकेल इतकं.

फेणीचं बोलायलाच हवं. "एक घोट मारला की झोप लागते." लागते, आणि तीनला खाडकन मोडते, मग काळीज जास्तच धडधडतं. शिवाय उपचाराआधी लिव्हरला कामाला लावायचं कशाला? शेजाऱ्याच्या झोपेच्या गोळ्याही नकोत. झोप येत नसेल तर ते डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे, पोटदुखीसारखंच. एक आधीच सांगून ठेवते: केमोच्या वेळी उलटी थांबवायला बऱ्याचदा डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात, त्यानं एक-दोन रात्री टक्क जाग येते आणि साखर वाढते. तेव्हा 'माझं मन पुन्हा बिघडलं' असं समजू नका, औषधाचा गुण असतो.

९. हाताबाहेर जातंय हे कसं कळेल?

शून्य ते दहाच्या पट्टीवर गेल्या आठवड्याची घालमेल मोजा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त सोसणार नाही. कॅन्सरच्या इस्पितळांत अशी पट्टी वापरतात, आणि चार किंवा वर आलं की अधिक विचारपूस करतात. तुमच्या इस्पितळात कोणी विचारलं नाही तर तुम्हीच आकडा सांगा: "डॉक्टर, माझं आठावर आहे."

दोन आठवडे झोप-जेवण उडालंय, उपचारच नको असं सारखं वाटतंय, दारू वाढलीय, किंवा जगून काय करू असे विचार येताहेत, तर थांबू नका. बांबोळीतच आयपीएचबी आहे, मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ. तिथल्या पायरीवर कोणी ओळखीचं भेटेल म्हणून लोक कचरतात. भेटलंच तर तेही कशासाठीतरी आलेलंच असतं ना! घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही चालतो. मानसोपचाराचं औषध सुरू झालं तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या कळू द्या. उदाहरणार्थ, स्तनाच्या कॅन्सरात देतात त्या टॅमॉक्सिफेनचा परिणाम पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या कमी करू शकतात. दुसऱ्या गोळ्या असतात, फक्त सांगायला हवं.

छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं याला मात्र 'टेन्शन आहे' म्हणून घरी बसू नका. १०८ लावा.

१०. आदला दिवस आणि पहिली सकाळ

जमलं तर दोन-चार दिवस आधी केमोची खोली नुसती बघून या. नर्सला विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत. माझ्या डोक्यात ती खोली म्हणजे अंधार आणि कण्हणं होतं. प्रत्यक्षात खिडकीतून ऊन येत होतं, एक बाई विणकाम करत होती आणि कोपऱ्यात एक आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते.

सही करायच्या फॉर्मवर सगळे संभाव्य त्रास लिहिलेले असतात, अगदी क्वचित होणारेसुद्धा. "यातलं बहुतेकांना काय होतं?" एवढं विचारा. उलटीचं औषध आधीच देतात, त्रास झाला तर बदलूनही देतात. आणि थर्मामीटर घरात आणून ठेवा. केमो सुरू झाल्यावर ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी इस्पितळाला फोन. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या.

पिशवीत: फाइल, नेहमीच्या गोळ्या, शाल, पाण्याची बाटली, बाह्या वर सरकतील असा पोलका किंवा शर्ट, चार्जर, डब्यात हलकं काहीतरी, आणि वही. नवी भारी साडी नको, त्या दिवसाचा वास तिला चिकटतो. माझी एक मोरपंखी साडी अजून तशीच घडीत आहे.

त्या सकाळी पोदेर आला, मी श्वास मोजले, उंड्याला लोणी लावून चहात बुडवून खाल्ला. खोलीत पोचल्यावर नर्सनं माझा हात तिच्या हातात घेतला, शीर शोधत टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "गार पडलाय हो हात, घाबरलात?" मी म्हटलं, हो. "मूठ उघडा-मिटा करा जरा." सुई एकदाच टोचली. मुंगी चावावी तेवढं. मी दुसऱ्या हातानं वही मांडीवर ओढली, पहिल्या पानावरची दुसरी ओळ शोधली आणि त्यावर रेघ मारली.